आईची सातची गोळी

आमच्या ऑफिसात सहा वाजले हे कळायला घड्याळ पाहावं लागत नसे. काका उठले की सहा वाजले. आधी त्यांचा ड्रॉवर उघडायचा, ऑफिसने दिलेला मोबाइल त्यात जायचा, किल्ली फिरायची. मग ते खुर्ची टेबलाखाली नीट सरकवत, पिशवी खांद्याला अडकवत आणि साहेबांच्या केबिनच्या दारात उभे राहून म्हणत, "येतो साहेब. आईची सातची गोळी आहे." ज्या साहेबांना 'जरा खाली जाऊन येतो' म्हणायचीही आमची छाती होत नव्हती, ते साहेब मान वर करून अगदी मऊ आवाजात म्हणत, "हो हो, निघा काका. मातोश्रींना नमस्कार सांगा."

काका जिना उतरून जात. आम्ही आपापल्या खुर्चीत बसून त्या पावलांचा आवाज ऐकत राहायचो. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना 'सहावाले काका' म्हणायचो. त्यात थोडी थट्टा होती, आणि जळफळाट बराच होता.

मी ती नोकरी सोडली त्याला आता बराच काळ झाला. ऑफिस बर्डीवर, भर बाजारात, एका कपड्याच्या दुकानाच्या वर तिसऱ्या मजल्यावर होतं. कंपनी ट्रान्सपोर्टची. कन्हान नदीच्या पलीकडच्या खाणींतून कोळसा उचलायचा आणि कारखान्यांना पोचवायचा. आम्ही दिवसभर फोनला कान लावून कोणता ट्रक कुठे आहे याचा पत्ता काढत असू. टायर फुटला, ड्रायव्हर धाब्यावर झोपला, खाणीत पाणी भरलं, पुलावर जाम लागला, यातली प्रत्येक गोष्ट आमची चूक असायची. आणि त्या चुकांचा हिशेब व्हायचा साडेसहाच्या रिव्ह्यूत.

रिव्ह्यू म्हणजे एकेकाने उभं राहायचं आणि साहेबांनी बोलायचं. ते शांत असले की मराठीत बोलत, चिडले की हिंदीत. 'दिमाग घर पे रख के आए क्या' हे त्यांचं लाडाचं वाक्य होतं. पुढची लिहिण्यासारखी नाहीत. कधी आठ वाजत, कधी नऊ. घरी गेल्यावरही ग्रुपवर साहेबांचे मेसेज पडत राहायचे, आणि पहाटे पाच वाजता पहिला मेसेज यायचा, "कौन कौन जागा है?" जो उत्तर देणार नाही त्याचं नाव सकाळी आठला पुन्हा ग्रुपवर. पोराला ताप आहे म्हणून लवकर सोडा म्हटलं, तर "तू डॉक्टर आहेस का?" बायकोचे दिवस भरत आलेत म्हटलं, तर "तुला थोडंच दुखणार आहे?" मी तर एकटाच. गाव हिंगणघाटकडे, इथे खामल्यात एक खोली. माझ्याजवळ सांगायला कारणच नव्हतं.

पण आई म्हटलं की साहेब विरघळत. केबिनमध्ये त्यांच्या आईचा मोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. सकाळी त्यापुढे उदबत्ती लावल्याशिवाय ते खुर्चीत बसत नसत. आमच्या प्रत्येक ट्रकच्या कपाळावर 'माँ का आशीर्वाद' लिहिलेलं होतं, आणि ते पेंटरने सवयीने रंगवलेलं नव्हतं. या एवढ्या मोठ्या कडक माणसाला एकच दार होतं, आणि त्याची किल्ली फक्त काकांना सापडली होती.

काका तसे विचित्रच. पन्नाशी उलटलेले, अविवाहित, उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा आणि शर्टाच्या खिशात लू लागू नये म्हणून अख्खा कांदा. साहेब त्यांच्यावरही ओरडत, नाही असं नाही. दुपारी भरपूर ओरडत. त्या वेळी काका साहेबांच्या डाव्या कानाच्या पाळीकडे पाहत उभे राहायचे. डोळ्यात नाही, खाली जमिनीवर नाही, कानाच्या पाळीकडे. मी एकदा विचारलं, "काका, तिथे काय दिसतं?"

"केस आहेत," ते म्हणाले. "पाच-सहा. कोणी सांगत नसन त्यायले. मी ओरडणं होईपर्यंत तेच पाहतो."

ओरडून झालं की ते थेट पाण्याच्या माठाकडे जात, पेला भरून घेत आणि खाली बसून घोट घोट पीत. कोणालाही बोलणी बसली की त्यालाही हेच करायला लावत. एकदा आमच्या बिलिंगच्या ताई रिव्ह्यूच्या आधीच रडायला लागल्या होत्या. काका त्यांच्यापुढे पेला धरून म्हणाले, "पहिले पाणी प्या वं. मंग रडा. कोरड्या गळ्यानं रडलं तं डोकं दुखते." आणि ताई खरंच आधी पाणी प्यायल्या. मग त्यांना रडू आलं नाही.

डबा ते ऑफिसात खात नसत. खाली उतरून, चौक ओलांडून, बसथांब्याच्या बाकावर बसून खात. एकदा मीही मागे मागे गेलो. त्यांनी सरकून जागा करून दिली, अर्धी पोळी आणि वांग्याची भाजी माझ्यापुढे ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बसच्या पाट्या वाचत जेवत राहिले. मी म्हटलं, "इथे काय मजा येते तुम्हाला?" तर म्हणाले, "एवढ्या बसा येतात, एकही आपली नाही. घाई नाही लागत मंग." एवढंच. ऑफिसचा विषय काढला की ते ऐकू न आल्यासारखं करत. सगळ्यांशी चांगले, पण कोणाच्याच जवळ नाहीत. लग्न, बारसं, वाढदिवस, कुठेही येत नसत; सहा वाजले की आईची गोळी. आम्ही त्यांच्या घरी जातो म्हटलं की "आईले आवाज सहन होत नाही गा" म्हणत. जरीपटक्याला राहतात यापलीकडे त्यांच्याबद्दल कोणाला काही माहीत नव्हतं.

मी लागलो त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते तिरुपतीला जाऊन आले. आईचा नवस होता म्हणाले. आठवडाभराने डोक्याचा गोटा करून ऑफिसात हजर. आम्ही खूप चिडवलं. कोणीतरी टकलावरून हातही फिरवला. काकांनी लाडवांचा डबा आणला होता, टेबला-टेबलाशी जाऊन स्वतः एकेक लाडू हातावर ठेवला. मी म्हटलं, "काका, हा प्रसाद बर्डीवरच्या हलवायाकडच्यासारखा लागून राहिला." ते म्हणाले, "खाऊन घे. पूर्ण खा, टाकू नको." संध्याकाळी सहाला उठले आणि गेले.

मग माझी पाळी आली. ते काही एका दिवसात झालं नाही. आधी झोप गेली. मोबाइल वाजला नसला तरी वाजल्यासारखा वाटायचा, रात्रभर मी तो उलटा-सुलटा करत पडलेलो असायचो. मग भूक गेली. आईचा फोन आला की "मजेत आहे" म्हणून ठेवून द्यायचो, कारण आणखी एक वाक्य बोललो असतो तर आवाज फुटला असता. आंघोळ करताना, दाढी करताना साहेबांचा आवाज डोक्यात चालू असायचा, आणि मी आरशापुढे उभा राहून त्यांना उत्तरं देत असायचो. सगळी उत्तरं चुकीची असायची. रस्ता ओलांडताना एखादी गाडी जवळून गेली की वाटायचं, लागली असती तर चार दिवस सुट्टी मिळाली असती. असं वाटतं याचीही मला भीती वाटेनाशी झाली होती.

एके सकाळी मी ऑफिसच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर बसलेलो काकांना सापडलो. लोक बाजूने वर जात होते. काका थांबले.

"काहून बसला गा इथं?"

"काका, पाय उचलत नाहीयेत."

"कोणता?"

"दोन्ही."

"मंग थांब जरा. एक असता तं ढकललं असतं वर," असं म्हणून ते रुमालाने पायरी पुसून माझ्या शेजारी बसले. मी हसायला गेलो आणि हमसून हमसून रडायला लागलो. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही की काही समजावलं नाही. नुसते बसून राहिले. वरून साहेबांचा आवाज येत होता, तोही आम्ही दोघांनी ऐकला.

"झोप लागते?" मी थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"नाही."

"जेवण जाते?"

"नाही."

"मरावं वाटते?"

मी माझ्या पिशवीचा बंद पिळत बसलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. म्हणाले, "ताप असता तं गेला असता का नाही डॉक्टरकडं? मंग ह्याले काहून घरी पोसतं? ऊठ."

त्या दिवशी काकांनी पहिल्यांदा दुपारची रजा टाकली. साहेबांना काय सांगितलं ते मला कळलं नाही; आईचंच काहीतरी सांगितलं असणार. ते मला धंतोलीत एका मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. काउंटरवरच्या बाईंनी त्यांना पाहून विचारलं, "काका, बऱ्याच दिवसांनी?" आणि काका म्हणाले, "मी नाही, हा. पुतण्या आहे माझा." मी त्या वेळी अशा अवस्थेत होतो की याचा अर्थ लावायचं सुचलं नाही. तीन-चार महिन्यांत माझी झोप हळूहळू परत आली. काकांनी त्या काळात मला एकच गोष्ट शिकवली, आणि तीही बसथांब्यावर, भेंडीची भाजी खाता खाता. "साहेबाचं बोलणं साहेबाचं असते. ते टेबलावर पडलेलं राहू दे. तू उचलून घरी नेलं तं तुह्यं होते." मी म्हटलं, "तुम्हाला सोपं आहे काका. घरी आई आहे." ते एका बसची पाटी वाचत होते. ती बस गेल्यावर म्हणाले, "हो. ते तं आहे."

पुढे कंपनीला अचानक आमच्या मनाची काळजी वाटायला लागली. 'मानसिक आरोग्य शिबिर' ठरलं, रविवारी सकाळी आठ वाजता, हजेरी सक्तीची. पुण्याहून एक सर आले होते, गालाला माइक चिकटवलेला. त्यांनी आम्हाला हात वर करून 'हा हा हा' असं मोठ्याने हसायला लावलं. आम्ही हसलो. साहेबांकडे पाहत पाहत हसलो. मग सर म्हणाले, "ज्यांना कामाचा ताण जाणवतो त्यांनी मोकळेपणाने हात वर करा." साहेब पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी खुर्ची वळवून मोकळेपणाने आमच्याकडे पाहिलं. एकही हात वर गेला नाही. मग मागून काकांचा गेला.

"छान! सांगा सर, कशाचा ताण आहे?"

"आज रविवार आहे, याचा," काका म्हणाले.

त्या सकाळचं पहिलं खरं हसू तेव्हा फुटलं. दुसरा कोणी बोलला असता तर त्याचं पुढे काय झालं असतं ते सांगायला नको, पण साहेबही हसले. पाहुण्या सरांनी विचारलं, "सर, तुम्ही इतके शांत कसे?" तेवढ्यात साहेबांनी उठून माइक घेतला. "मी सांगतो. यांच्या घरी आई आहे. इतकी वर्षं पाहतोय मी, या माणसाने आईची सातची गोळी एक दिवस चुकवली नाही. आईची सेवा करणाऱ्याला कसला आलाय ताण?" त्यांचे डोळे भरून आले होते. बोलता बोलता त्यांना सुचलं असावं, कारण तिथेच त्यांनी जाहीर केलं की कंपनीतर्फे काकांना 'आदर्श पुत्र' म्हणून गौरवण्यात येईल आणि मातोश्रींचा साडी, शाल, श्रीफळ देऊन सत्कार होईल. टाळ्या पडल्या. काकांचा चेहरा पांढरा पडला होता.

"साहेब, ती नाही येऊ शकत," ते म्हणाले.

"मग आम्ही पाठवू! आजच पाठवू!" सत्काराचं सामान पाहुण्यांसाठी आणलेलंच होतं, त्यात ड्रायव्हरला पाठवून खालच्या दुकानातून साडीची भर पडली. काका "मीच नेतो ना साहेब" म्हणाले, तर साहेब म्हणाले, "आपल्या घरचा सत्कार आपण करतो का?" आणि ताट माझ्या हातात दिलं. "तू जा यांच्यासोबत. मातोश्रींना शाल पांघरव, पाया पड आणि फोटो ग्रुपवर टाक."

मेट्रोत जागा रिकाम्या होत्या, तरी काका दाराशी उभेच होते. इंदोऱ्याला उतरून आम्ही चालत जरीपटक्याच्या बाजारामागच्या गल्लीत आलो. रविवारची गर्दी होती. मी नारळ सांभाळत त्यांच्या मागून चालत होतो आणि म्हातारीशी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. काका एका तळमजल्याच्या दारापाशी थांबले आणि त्यांनी खिशातून किल्ली काढली. दाराला बाहेरून कुलूप होतं. अंथरुणाला खिळलेल्या बाईला कोंडून हे ऑफिसला येतात की काय, असं माझ्या मनात आलं. दार उघडलं. समोर एक पलंग, त्यावर एक सुरकुती नसलेली चादर. वर भिंतीला आईचा फोटो, आणि फोटोला हार.

मी ताट घेऊन तसाच उभा राहिलो.

"बस," काका म्हणाले. त्यांनी पंखा लावला. माझ्या हातातलं ताट घेऊन फोटोखालच्या फळीवर ठेवलं. मग आत जाऊन पाणी आणलं आणि मला म्हणाले, "पहिले पाणी पी."

"कधी?" मी विचारलं.

"तू लागला त्याच वर्षी. दिवाळीच्या आधी."

माझ्या डोळ्यांपुढे तो गोटा आला, आणि त्यावरून फिरलेला हात. "म्हणजे ते तिरुपती…"

"तिरुपती नव्हतं गा ते. लाडू बर्डीवरचेच होते, तू बराबर ओळखलं होतं. तेरवीचं गोड म्हून वाटले. म्हटलं, कोणाले माहीत नसलं तरी तोंडात तं पडतीन."

"पण मग सांगितलं का नाही काका?"

ते पलंगाच्या कडेला बसले, चादरीला सुरकुती पडू नये अशा बेताने. "सांगणारच होतो. फोन हातात घेतला होता साहेबाले लावाले. मंग मनात आलं, सांगितलं तं साहेब रडतीन, रजा देतीन, सगळं करतीन. पण महिन्याभरानं मी सहाले उठलो का विचारतीन, आता कायले जाता? मी काय सांगू मंग? मले डोकं शांत पाहिजे म्हून जातो, असं सांगू? ह्या ऑफिसात असं सांगता येते का कोणाले?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आई होती तोवर माह्यं डोकं ठिकाणावर होतं ते सहा वाजता निंगत होतो म्हून. आई गेल्यावर तं ते सहा अजूनच पाहिजे होते. मी त्या साडेसहाच्या मिटिंगमधी बसलो असतो तं वाचलो नसतो. मंग काय केलं, तिले ऑफिसात जित्ती ठेवली."

धंतोलीतल्या डॉक्टरांच्या काउंटरवरच्या बाईंचं ते 'बऱ्याच दिवसांनी?' मला तेव्हा आठवलं.

"सात वाजता घरी येऊन काय करता?" मी विचारलं.

"येतो. कुलूप काढतो. पंखा लावतो. बसतो."

"मग?"

"मंग काही नाही. कोणी ओरडत नाही, तेवढंच." त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. "पण एवढं चूप भी बरं नसते गा."

ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला. "फोटो?" मग लगेच दुसरा, "फोटो??" मी घाबरलो. मी घाबरलो ते काकांसाठी. साहेबांच्या आईच्या भक्तीशी खेळ केला हे कळलं असतं तर त्यांनी काकांना नुसतं काढलं नसतं, सगळ्यांसमोर सोलून काढलं असतं. दारातून समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर कोणाची तरी आजी कपडे वाळत घालताना दिसत होती. मी म्हटलं, "काका, त्या आजींना पाच मिनिटं बसवलं तर? तोंड जरा पदराआड…"

काका इतके चिडलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. आवाज मात्र चढला नाही. "मी खोटं बोललो ते आईच्या नावानं बोललो. तिच्या जागेवर दुसऱ्या कोणाले नाही बसवत मी."

मग मी 'मातोश्री विश्रांती घेत आहेत' असं टाकलं. साहेबांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. त्यामागोमाग साऱ्या ऑफिसने पाठवली. काका माझ्या मोबाइलवर ते हात वर सरकताना पाहत होते.

"वस्तीतले आले होते तवा," ते म्हणाले. "बहीण आली होती चंद्रपूरहून. पण ज्यायच्यासंग मी दिवस काढतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, त्यायच्यातल्या एकानंही मले विचारलं नाही, कसं झालं म्हून. विचारतीन कसे? मीच दार लावून घेतलं होतं."

आपल्याकडे माणूस गेलेल्या घरी भेटायला गेलं की पहिला प्रश्न हाच असतो. कसं झालं? मला तो नेहमी रिकामटेकडा वाटायचा. गेलेल्या माणसाचं आता कसं झालं ते ऐकून काय करायचं, असं वाटायचं. मी पेला खाली ठेवला आणि विचारलं, "कसं झालं होतं काका?"

ते सरळ होऊन बसले. "सकाळी चहा केला," त्यांनी सुरुवात केली. "तिले बशीत देला. एक घोट घेतला अन म्हणाली, साखर कमी पडली रे. मी म्हटलं आणतो. आत गेलो, डबा वरच्या फळीवर होता, चमचा सापडे ना. साखर घेऊन आलो तं बशी हातात तशीच होती. सांडली नव्हती." मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आदल्या रात्री ती काय जेवली तिथून. मी ऐकत राहिलो. दिवे लागायची वेळ होईपर्यंत ते सांगत होते, आणि मला ऑफिसात कधीही न दिसलेला एक बडबडा माणूस माझ्यासमोर बसला होता. मला फार वाईट वाटलं. मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "सांगून टाकतो आता."

"मग सहाचं काय करणार?"

"पाहू," ते म्हणाले.

सोमवारी, मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारी सकाळी त्यांनी साहेबांना फोन केला. आई गेली. घाटावरचं आटोपलं. साहेब केबिनमधून बाहेर आले आणि आमच्यासमोर उभे राहून फोनवर म्हणाले, "अहो, कळवायचं तरी!" पलीकडून काका म्हणाले असावेत, राहून गेलं. त्यांच्या बोलण्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

त्या दिवशी साडेसहाचा रिव्ह्यू झाला नाही. मी असेपर्यंतच्या काळात तो तेवढा एकदाच चुकला. सगळं ऑफिस जरीपटक्याच्या त्या खोलीत दाटीवाटीने बसलं. फोटोवरचा जुना हार जाऊन ताज्या फुलांचा आला होता. काकांचं डोकं भादरलेलं होतं. एकाच आईसाठी दुसऱ्यांदा. गल्लीतल्या न्हाव्याला आणि शेजाऱ्यांना त्यांनी खरं काय ते आधीच सांगून ठेवलं असणार. बिलिंगच्या ताईंनी विचारलं, "कसं झालं हो?" आणि काकांनी चहापासून सुरुवात केली. थोड्या वेळाने आलेल्या दोघांनी विचारलं, पुन्हा चहापासून. कोणी विचारलं, "कधी?" तर म्हणाले, "सकाळी. चहाच्या वेळेला." कोणी विचारलं, "नातेवाईक?" तर म्हणाले, "येऊन गेले." साहेब सतरंजीवर बसून तोंडाला रुमाल लावून लहान मुलासारखे रडत होते. ते त्यांच्या आईसाठी रडत होते हे सगळ्यांना कळत होतं, आणि त्या एका दिवशी मला त्यांचाही राग आला नाही. काकांनी त्यांना पाणी दिलं. गर्दीतून एकदा काकांची आणि माझी नजरानजर झाली. त्यांचे डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर मोठं ओझं खाली ठेवल्यावर दिसते तसली थकलेली मोकळीक होती.

तेरवीला आम्ही सगळे जेवायला गेलो. बुंदी होती. काका पंगतीत फिरून आग्रह करत होते, आणि या वेळी आम्ही काय खातो आहोत ते आम्हाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले. दिवस नेहमीसारखा गेला. दुपारी साहेब त्यांच्यावर ओरडलेसुद्धा, दोन गाड्या पुलापाशी अडकल्या होत्या. पण पाच वाजून गेल्यावर कोणाचंच कामात लक्ष राहिलं नाही. सगळ्यांना एकच माहीत करून घ्यायचं होतं, आज काका सहाला उठतात की नाही. सहा वाजले. काकांनी ड्रॉवर उघडला, मोबाइल आत ठेवला, किल्ली फिरवली. खुर्ची सरकवली. पिशवी खांद्याला लावून ते केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले.

"येतो साहेब."

साहेबांनी मान वर केली. ते ओरडले नाहीत, ते खरोखरच मायेने बोलले. "बसा ना काका आता. आता निवांत बसा आमच्यात. घरी आता कोण आहे?"

"मी आहो ना, साहेब," काका म्हणाले.

काकांनी नमस्कार केला आणि ते जिना उतरून गेले. साहेब बराच वेळ दाराकडे पाहत राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, "चला, सुरू करा," आणि आमच्यातल्या एकालाही पहिल्या गाडीचा नंबर आठवेना.